‘काही गोड लागत नाही’: द्राक्षपट्ट्यात एका प्रश्नावलीचं काय झालं

गाव, वय, नाती असले तपशील बदललेत, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून. आकडे मुद्दाम देत नाहीये कारण आनंद वाटेनासा झालाय का हे मोजणारी इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणायचा हा अभ्यास अजून छापलेला नाही, आणि खरं सांगायचं तर या प्रकरणात आकड्यांपेक्षा ते आले कसे हेच जास्त बघण्यासारखं आहे.

पार्श्वभूमी

मी नाशिकमध्ये एका हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात सायकॉलॉजिस्ट आहे. महिन्यातून दोनदा आमचा कॅम्प निफाड-दिंडोरी बाजूला असतो, सगळा द्राक्षाचा पट्टा. कॅम्पला बायका यायच्या त्या डोकं दुखतं, हातापायाची आग होते, झोप नाही असं सांगत. उदास वाटतं का विचारलं की ‘नाय’. पण पाच मिनिटं नुसतं बसून ऐकलं की हळूच यायचं, कशात मन लागत नाही, जीव रमत नाही, घास गोड लागत नाही.

याला आमच्या भाषेत ॲन्हिडोनिया म्हणतात, म्हणजे ज्यातून सुख मिळायचं त्यातून ते मिळेनासं होणं. शब्द जुना आहे, थिओद्यूल रिबो या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये वापरलेला. डिप्रेशनच्या निदानात दोन मुख्य लक्षणं धरतात, उदास मूड आणि रस-आनंद जाणं, आणि दोन्हीपैकी एक तरी असावंच लागतं. म्हणजे ‘उदास नाही’ म्हणणारी बाईसुद्धा डिप्रेशनमध्ये असू शकते, आणि आमच्याकडे नेमक्या अशाच बायका जास्त येत होत्या.

पीएचक्यू-९, म्हणजे डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली, आम्ही वापरायचोच, त्यातला पहिलाच प्रश्न याबद्दल आहे, पण एकच प्रश्न. आम्हाला हवं होतं असं माप, की उपचार सुरू केल्यावर दोन-तीन महिन्यांनी गोडी परत येतेय का ते दिसावं. म्हणून ठरलं की तयार इंग्रजी प्रश्नावली घ्यायची, मराठीत आणायची आणि या लोकांमध्ये ती चालते का ते तपासायचं, म्हणजे व्हॅलिडेशन.

टीममध्ये आमच्या सायकिॲट्रिस्ट मॅडम, मी, पुण्याचे स्टॅटिस्टिक्सवाले सर आणि दोन फील्डवर्कर, त्यातली एक निफाडचीच, तिच्या सासरी बाग आहे. तिला मी इथे फक्त ताई म्हणेन. लक्षात ठेवा तिला, ती पुढे येणार आहे.

कुठली प्रश्नावली

पर्याय चार होते. चॅपमन नवरा-बायकोंची १९७६ च्या सुमाराची स्केल्स फार लांब, शारीरिक सुखाच्या सुधारित स्केलमध्येच ६१ विधानं, खरं की खोटं. कापणीच्या दिवसात कोण बसणार तेवढा वेळ. टेप्स म्हणून एक २००६ चं आहे, १८ प्रश्न, ते ‘पुढे मजा येईल याची ओढ’ आणि ‘आत्ता मजा येतेय’ हे वेगळं मोजतं, विचार फार सुंदर, पण त्यातली वाक्यं बारीक आहेत, ऐकून लगेच कळणारी नाहीत. २०१५ चं डार्स, त्यात माणूस आधी स्वतःच्या आवडीच्या गोष्टी लिहितो, छंद, खाणं, माणसांसोबतचं, वास-स्पर्श-आवाज, आणि मग प्रश्न त्या गोष्टींबद्दल असतात. आणि चौथं स्नेथ-हॅमिल्टन प्लेझर स्केल, आम्ही सगळे शॅप्स म्हणतो, १९९५ चं, १४ विधानं, गेल्या काही दिवसांबद्दल, चार उत्तरं.

शॅप्स घेतलं. कारणं सांगितली ती अशी, छोटं आहे, जगभर वापरलंय, गुण द्यायची पद्धत सोपी. न सांगितलेलं कारण हे की मॅडमना आणि मला दोघींना ते आधीपासून पाठ होतं. डार्सवर मीटिंगमध्ये दहा मिनिटंसुद्धा बोललो नाही, ‘लिहावं लागतं, बायका लिहिणार नाहीत’ एवढ्यावर विषय संपला. लिहायला त्यांनी कशाला हवं होतं, आम्ही लिहून घेतलं असतं की. हे तेव्हा सुचलं नाही.

भाषांतर, आणि चहा

रीतसर केलं सगळं. दोन जणांकडून वेगवेगळं भाषांतर, मग दोन्ही एकत्र, मग मूळ न पाहिलेल्या माणसाकडून परत इंग्रजीत, मग तज्ज्ञांची समिती. परत इंग्रजीत आलेलं मुळाशी इतकं जुळलं की समितीत सगळे खूश. आता वाटतं तिथेच सावध व्हायला हवं होतं, कारण भाषांतर करणारा आणि उलटं करणारा दोघेही नाशिकचे शिकलेले, दोघांच्या डोक्यात इंग्रजी आधीच बसलेलं, ते एकमेकांना सहज ओळखतात. मधल्या मराठीची परीक्षा त्यात होतच नाही.

परीक्षा झाली ओट्यावर. मूळ विधानं सगळी ‘मला अमुक केलं तर आनंद मिळेल’ अशा धाटणीची. आमच्या पहिल्या मसुद्यात होतं ‘आनंद घेता येईल’. बायकांनी ते परवानगी म्हणून ऐकलं. मैत्रिणींसोबत वेळ घालवण्याचा आनंद घेता येईल का, तर ‘कसला घेता येईल, सासूबाई हायेत ना घरात’. मग बदलून केलं ‘आवडेल’. ताई एका मावशींकडे गेली, चहाच्या प्रश्नावर आली, विचारलं, मावशी, एक कप चहा प्यायला आवडेल का? मावशी उठल्याच. ‘थांब, ठेवते, विचारायचं काय त्यात.’ ताईने हाताला धरून बसवलं, अहो मावशी तुम्हाला आवडेल का विचारतेय. ‘मला नको, माझा झालाय, तू घे.’ शेवटी चहा झाला, प्रश्न राहिला.

हसलो आम्ही खूप. पण नंतर नीट बघितलं तर हा जोकचा विषय नव्हता, ‘आवडेल का’ हे मराठीत आग्रह करायचं वाक्य आहे, समोरच्याच्या मनाची आतली स्थिती विचारायचं नाही. सरतेशेवटी दोन पायऱ्यांचं केलं: गेल्या आठ दिवसांत चहा घेतला तेव्हा बरं वाटलं का? घेतलाच नसेल तर, मिळाला असता तर बरं वाटलं असतं का? लांबलं, पण कळायला लागलं.

दुसरा शब्द ‘सहमत’. पूर्ण सहमत, सहमत, असहमत, पूर्ण असहमत. फॉर्मवर दिसायला ठीक. एकीने सरळ सांगितलं, ‘तुमच्याशी कशाला असहमत होऊ ताई, तुम्ही एवढ्या लांबून आलात.’ त्यात मूळ फॉर्ममध्ये काही विधानांखाली उत्तरांचा क्रम उलटा छापलेला असतो, माणसाने नीट वाचून टिक करावी म्हणून. वाचून दाखवताना तो क्रम तसाच ठेवला तर नुसता गोंधळ. आम्ही क्रम एक केला आणि चार ग्लासांचं चित्र केलं, रिकामा, थोडा, अर्धा, भरलेला. वाटलं आता सुटलं. तर एक आजी प्रत्येक प्रश्नाला भरलेल्या ग्लासावर बोट ठेवत गेल्या. फॉर्मप्रमाणे एकदम आनंदी बाई! ताईला शंका आली, विचारलं. ‘घडा भरलाय गं पोरी,’ आजी म्हणाल्या, ‘आता पुरे.’

त्या आजींना त्याच दिवशी मॅडमकडे आणलं. आमच्या प्रोटोकॉलमध्ये होतं की जिवाबद्दल काही शब्द निघाला तर फॉर्म बाजूला ठेवायचा, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सोबत घ्यायचं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर हातात द्यायचा. हा एक भाग आम्ही पहिल्यापासून नीट ठेवला होता. गुणांच्या हिशोबात मात्र त्या आजी शून्य, म्हणजे काहीच त्रास नाही.

खरी अडचण: वाक्य की वस्तू

शब्द दुरुस्त होतात. वस्तूंचं काय करायचं? शॅप्समध्ये आवडता टीव्ही-रेडिओ कार्यक्रम आहे, गरम पाण्याची अंघोळ आहे, फुलांचा किंवा समुद्रावरच्या वाऱ्याचा किंवा ताज्या पावाचा वास आहे, पुस्तक-पेपर वाचणं, छान आवरून तयार होणं, सुंदर दृश्य, लोकांनी केलेलं कौतुक.

अंघोळीचा प्रश्न एप्रिलमध्ये विचारून बघा. ‘या उन्हात गरम पाणी?’ हे बहुतेक सगळ्यांचं पहिलं वाक्य. थंडीत विचारला तर ‘बंब पेटवायचा कोणी’. सुंदर दृश्याला आम्ही ‘देखावा’ घातलं होतं, तर उत्तर आलं की गणपतीत नाशिकला गेलो होतो तेव्हा बघितले, छान होते. वाचणं तर ज्यांना येतच नाही त्यांनी ‘नाही’ म्हटलं आणि आम्ही त्यांच्या नावावर आनंद गेल्याचा एक गुण टाकला. आवरणं-सजणं हा प्रश्न एका विधवा बाईंना विचारून झाल्यावर ताई मला म्हणाली, मॅडम हा मी यांना परत विचारणार नाही.

सगळ्यात मोठी चूक वासाची. समुद्र नाशिकला नाही, पावाऐवजी भाकरी चालली असती, पण समितीत कोणीतरी म्हणालं पहिल्या पावसाचा मातीचा वास, आणि टेबलावर सगळे वाह म्हणाले. मीसुद्धा. मराठी माणसाला मातीचा वास आवडत नाही असं होईल का? फील्डवर्क फेब्रुवारी-मार्चमध्ये पडलं. तेव्हा माल वेलीवर असतो, तयार घड, काहींची काढणी चालू, आणि त्या दिवसांत पाऊस म्हणजे मणी तडकणार, गारा आल्या तर वर्षाचं गेलं. एक शेतकरी म्हणाले, ‘त्या वासानं पोटात गोळा येतो मॅडम.’ फॉर्मवर टिक: पूर्ण असहमत. आम्ही डिप्रेशन मोजत होतो की हवामान, देव जाणे.

ताई बागाईतदाराची सून. तिला पहिल्या दिवशी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण ती समितीत नव्हती, ती ‘फील्ड’ होती. समितीत एम.डी., पीएच.डी. आणि मराठीचे एक प्राध्यापक. हा निर्णय कोणी घेतला असं सांगताच येत नाही, तो आपोआप झाला, म्हणूनच जास्त टोचतो.

तीन वाटा

इथे काम थांबवून बसलो. एक वाट, १४ विधानं जशीच्या तशी ठेवायची, फक्त भाषा सोपी. फायदा असा की बाहेरच्या अभ्यासांशी तुलना करता येते. दुसरी, न चालणाऱ्या वस्तू बदलून इथल्या घालायच्या, भाकरी, भजन, माहेरचा फोन. मग ते शॅप्स राहतं का? बदलायचं तर मूळ हक्कदारांशी बोलणंही आलं. तिसरी, वस्तूच काढायच्या, माणसाला विचारायचं तुला आधी काय आवडायचं, आणि मग ते आता आवडतं का. म्हणजे फिरून डार्सचीच कल्पना.

मॅडम पहिल्या वाटेच्या, मी दुसऱ्या. सर म्हणाले, दोघी भांडू नका, डेटा बघू. त्यात आमचा वेळ गेला, पण माणूस बरोबर होता. मधला मार्ग काढला: १४ ठेवले, मातीच्या वासाऐवजी भाकरी आणि मोगरा, देखाव्याऐवजी ‘डोळ्यांना बरं वाटेल असं काही, हिरवं शेत, नदी’, आणि प्रत्येक विधानाआधी एक जादा प्रश्न: ही गोष्ट तुम्हाला पूर्वी आवडायची का? त्याचे गुण नाहीत, फक्त नोंद.

हा जादा प्रश्न ताईचा. सुचवताना ती म्हणाली होती, ‘ज्याला कधी गोडी लागलीच नाही त्याची गोडी गेली कशी म्हणायची?’ द्राक्षवाल्यांच्या तोंडी गोडी हा शब्द रोजचा, ऑक्टोबरच्या छाटणीला गोडी छाटणी म्हणतात, एप्रिलची खरड छाटणी. मला तोवर वाटायचं ‘गोडी’ हा शब्द प्रश्नावलीत वापरावा, पण तोही जमला नाही, कारण ‘काही गोड लागतं का’ विचारलं की निम्म्या बायका म्हणायच्या, शुगर आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलंय.

आकडे काय बोलले

दर विधानामागे दहा माणसं असा ढोबळ हिशोब करतात, म्हणजे १४०. काढणीमुळे थोडे कमी मिळाले. गावातले एक गट, आणि तुलनेला शहरातले, सिडको-पंचवटीकडचे, दुसरा गट.

क्रोनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा, झकास आला. इथे पुष्कळ लोक पेपर लिहून मोकळे होतात. सर नाही झाले. त्यांचं म्हणणं, बाई सगळ्याला हो म्हणत गेली तरी अल्फा वर जातो, अल्फा म्हणजे उत्तरं एका सुरात आहेत एवढंच, सूर कुठला ते तो सांगत नाही. मग फॅक्टर ॲनालिसिस, म्हणजे कुठले प्रश्न एका गटात जाऊन बसतात ते बघणं. कागदावर एक फॅक्टर यायला हवा होता, सुख. गावच्या डेटात दोन दिसत होते. दुसऱ्यात वाचन, छंद, आवरणं, मैत्रिणीचा फोन असे जाऊन बसले. आम्ही बराच वेळ त्याला नाव शोधत होतो, ‘सामाजिक सुख’, ‘वैयक्तिक सुख’. ताईने यादी वाचली आणि म्हणाली, या सगळ्या गोष्टींना स्वतःचा वेळ लागतो, आणि फोन नवऱ्याकडे असतो. म्हणजे तो फॅक्टर सुखाचा नव्हताच, सवडीचा होता.

पीएचक्यूशी नातं चांगलं दिसलं, पण त्यातला पहिला प्रश्न तर आमचीच गोष्ट विचारतो, मग जुळणारच. तो काढून पाहिलं तर नातं बरंच सैल झालं. पंधरा दिवसांनी परत तेच लोक विचारले तर उत्तरं हलली, आणि आधी प्रश्नावलीला दोष दिला, मग कळलं की मधल्या दिवसांत बऱ्याच घरांचा माल विकला गेला होता, लोक खरंच बरे झाले होते. आठ दिवसांची स्थिती मोजणारं माप हलायलाच हवं की, ते न हलण्याची अपेक्षाच चुकीच्या हंगामात ठेवली.

आणि शहर-गाव तुलना. दोन्हीकडे तराजूचा काटा शून्यावरून सुरू होतो का, हे बघायची पद्धत असते, इन्व्हेरियन्स म्हणतात. घडण साधारण जुळली, पण शून्य जुळलं नाही. सारखाच त्रास असलेली गावची बाई काही विधानांना जास्त वेळा ‘नाही’ म्हणत होती. मूळ पद्धतीत असहमतीला एक गुण, आणि तीन किंवा जास्त झाले की आनंदक्षमता कमी समजायची, हा कटऑफ. आता बघा, वाचता येत नाही एक, फोन नाही दोन, एप्रिलमध्ये गरम पाणी तीन. झाली बाई आजारी.

जादा प्रश्नाने इथे वाचवलं. ‘पूर्वीही आवडत नव्हतं, कधी केलंच नाही’ अशी उत्तरं वेगळी काढली तेव्हा कटऑफच्या वर गेलेल्यांपैकी बऱ्याच जणी खाली आल्या, आणि ज्या वर राहिल्या त्या मॅडमच्या मुलाखतीशी बऱ्यापैकी जुळल्या. पण असे वेगवेगळ्या संख्येचे प्रश्न गाळून केलेले गुण म्हणजे मूळ स्केल नव्हे, हेही खरं. फ्रँकन यांच्या २००७ च्या पद्धतीने, एक ते चार गुण देऊन १४ ते ५६, तेही करून पाहिलं, बारकावा वाढला, शून्याचा प्रश्न तिथेच.

शेवटी काय ठरलं

कॅम्पमध्ये कटऑफ लावून स्क्रीनिंग करायचं नाही. अहवालातून ‘व्हॅलिडेशन’ शब्द काढला, ‘रूपांतर आणि प्राथमिक चाचणी’ केलं. यावर मॅडमशी माझं वाजलं, कारण अभ्यासासाठी केलेल्या अर्जात व्हॅलिडेशन लिहिलं होतं आणि तेच द्यायला हवं होतं. त्यांचंही चूक नव्हतं. उपचारात असलेल्या बाईचं स्वतःशीच आधी-नंतर बघायला प्रश्नावली वापरतो, तिथे शून्य कुठे आहे याने फारसं बिघडत नाही, फक्त दोन्ही वेळा हंगामाची नोंद करतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, भाषांतराच्या आधी महिनाभर नुसतं ऐकायला हवं होतं. या भागात सुख गेलं हे कोण कसं सांगतं, मन लागणं, रमणं, बरं वाटणं, घास गोड लागणं, प्रत्येकाचा वापर वेगळा आहे. आम्ही इंग्रजीपासून सुरुवात करून मराठीकडे आलो.

ऐकून-विचारून तपासायच्या मुलाखती, ज्यात माणसाला विचारतात की हा प्रश्न तुला काय समजला, त्या मार्गदर्शक तत्त्वांत ३० ते ४० जणांच्या सांगितलेल्या असतात. आम्ही त्याच्या आतच थांबलो कारण त्याच त्या गमती परत येत होत्या असं वाटलं. पुरुष शेतकरी त्यात जवळजवळ नव्हते, म्हणून मातीच्या वासाचं आधी सापडलं नाही.

पेठ-सुरगाण्याहून कामाला येणाऱ्या टोळ्या आम्ही सोडूनच दिल्या. त्यांची घरची बोली वेगळी, मराठी दुसरी भाषा. सोडलं हे ठीक, पण अहवालात ‘द्राक्षपट्ट्यातले लोक’ असं लिहिलं ते ठीक नाही, कारण बागेत सगळ्यात जास्त हात त्यांचेच. आणि एकांत. ओट्यावर सासू बसलेली असताना ‘घरच्यांसोबत बरं वाटतं का’ याचं उत्तर काय येणार. त्या विधानाला ‘नाही’ जवळपास आलंच नाही आणि आम्ही ते कुटुंबाची ताकद म्हणून लिहिणार होतो, थोडक्यात वाचलो.

दुसरी फेरी डार्ससारख्या वाटेने करतोय, आवडीच्या गोष्टी बाईच सांगणार, लिहून आम्ही घेणार. ताई आता समितीत आहे. पहिल्याच मीटिंगला तिने कॅलेंडर काढलं, गोडी छाटणी, खरड छाटणी, काढणी अशा तिन्हीवर पेनाने फुल्या मारल्या आणि म्हणाली, या दिवसांत मी कोणाच्या दारात जाणार नाही. उरले ते महिने मोजत मॅडम म्हणाल्या, मग उरतंय काय? ‘पावसाळा,’ ताई म्हणाली, ‘तेव्हा मातीच्या वासाचंही विचारा.’